चिठ्ठीच्या पाठीवर

प्रिय धाकटे,

मी दमले आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे अक्षर तिरकं गेलं तर तू उगाच काळजी करणार नाहीस. आजारी नाही. रक्तदाब ठीक आहे, गुडघे होते तसेच, चष्म्याचा नंबर तेवढा पुन्हा वाढलाय. आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत. वरच्या मजल्यावरची मंडळी खुर्च्या सरकवतायत आणि तुझी मुंगी आतल्या खोलीत दार लावून बसली आहे. ती बरी आहे, तब्येतीने. पण एकोणीस दिवस झाले, कामापुरती चार वाक्यं सोडली तर ती माझ्याशी बोललेली नाही. वेळेवर जेवायला येते, आपलं ताट आपण धुते, शाळेला जाते, आणि निघताना ‘येते गं’ एवढंही म्हणत नाही. चौदा वर्षांच्या पोरीत हा हट्ट कुठून आला ते विचारत नाही, कारण तू आणि मी एकाच आईच्या मुली आहोत. ती का बोलत नाही ते मला तुला सांगायचंय. पण मी थेट मुद्द्यावर येत नाही हे तुला माहीतच आहे. लहानपणी माझ्या हातून कप फुटला तरी मी गोष्ट अंगणापासून सुरू करायचे आणि गोष्ट स्वयंपाकघरापर्यंत पोचायच्या आतच आई मला धपाटा घालायची. तेव्हा आधी थोडं ऑफिसचं ऐक.

आमच्या शब्दकोशाला यंदा एकोणीस वर्षं झाली. तू गेलीस तेव्हा आम्ही ‘डी’वर होतो. तिसऱ्या मजल्यावरची तीच लांबोडकी खोली, तेच मोठं टेबल, भिंतीला लावलेली लहान लहान खणांची तीच कपाटं. संपादकही तेच. आता ऐकायला कमी येतं, त्यामुळे दुसऱ्यालाच ऐकू येत नसल्यासारखे ओरडून बोलतात. त्यांचा नियम तुला सांगितला होता, आठवतो का? इंग्रजी शब्दाचा अर्थ देताना त्याखाली जे मराठी वाक्य छापायचं, ते कुणाच्या तरी तोंडून खरंच आलेलं असलं पाहिजे. टेबलावर बसून रचलेलं चालत नाही. “रचलेलं वाक्य म्हणजे कागदाचं फूल. लांबून बरं दिसतं. आधी माणूस काय बोलतो ते ऐका, मग इंग्रजीला तिथे बसवा,” असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ओरडून सांगतात. म्हणून प्रत्येक वाक्याची एक चिठ्ठी. पुढच्या बाजूला शब्द, अर्थ आणि वाक्य. मागच्या बाजूला ते कोण बोललं किंवा कुणी लिहिलं, आणि कधी. पाठ कोरी असलेली चिठ्ठी ते न वाचता टोपलीत टाकतात. एकोणीस वर्षांत मी लिफ्टमन, शिंपी, दाताचा डॉक्टर आणि खालच्या मजल्यावरची भांडकुदळ बाई या सगळ्यांना नकळत कोशात नेऊन बसवलंय. बाईला कळलं तर ती त्यावरूनही भांडेल.

गेल्या वर्षी माझ्या वाट्याला ‘कीप’ आला. एवढासा शब्द, रोज शंभरदा बोलला जाणारा, पण असले साधे दिसणारे शब्दच माणसाला मेटाकुटीला आणतात. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना ‘गेट’ आला होता. तो संपवून ते जे रजेवर गेले ते अजून रजेवरच आहेत. मला ‘कीप’ने आठ महिने घेतले. एकतीस अर्थ निघाले. ठेवणे हा सगळ्यांना सुचतो, पण तिथून पुढे खरी गंमत. कुणी दुकान राखतं, कुणी कोंबड्या पाळतं, कुणी दिलेला शब्द पाळतं, कुणी रोजनिशी लिहितं, आणि इंग्रजीला या सगळ्यासाठी एकच क्रियापद पुरतं. दूध दोन दिवस टिकतं तेही ‘कीप’. कुणी उशिरा आलं की आपण ‘कुठे अडकलात’ म्हणतो, तेही तेच. मूल रडतच राहतं, त्यातलं ‘राहतं’सुद्धा तेच. शिंप्याने एका बाईला ‘अहो, माप राखूनच शिवलंय’ असं ऐकवलं तेव्हा मी तिथल्या तिथे बसच्या तिकिटावर लिहून घेतलं. ‘जपणे’ आणि ‘सांभाळणे’ यांत फरक काय यावर संपादकांशी माझं आठवडाभर वाजलं. मी म्हणत होते, वस्तू जपायच्या आणि माणसं सांभाळायची. ते ओरडले, “माझी आई मला जपायची आणि पितळेची भांडी सांभाळायची, त्याचं काय?” ‘लपवून ठेवणे’ हा सव्विसावा अर्थ. त्यासाठी मी खालच्या बाईचं वाक्य घेतलं. घरातून एखादं घ्यावं असं मला सुचलं नाही.

आठ महिने एकाच शब्दाच्या मागे लागल्यावर वाक्यांची भूक लागते. भाजीवाल्याकडे, दवाखान्यात, जिन्यात, कान टवकारलेलेच. जवळचं सगळं संपलं तेव्हा माझा हात ‘एक्स’च्या खणाकडे गेला. ‘एक्स’चे शब्द मुळात बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे तो खण कायम रिकामा आणि कुणी उघडत नाही. त्यात मी तुझी पत्रं ठेवली होती. मला लिहिलेली नव्हे. ती घरी आहेत, तुला वाटतं तिथेच, आरशामागच्या पेटीत. या खणात होती ती तू मुंगीला लिहिलेली.

हे वाचून तू थांबली असशील. थांब थोडी. मीही इथे थांबले होते.

तुला तो दिवस आठवत असेल, मला तर त्यातला बसचा वाससुद्धा आठवतो. तुझी नर्सची नेमणूक, दोन वर्षांचा करार, राहायला वसतिगृह आणि तिथे मुलं चालणार नाहीत अशी अट. मुंगीचे वडील जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तू म्हणालीस, “ताई, दोन वर्षं सांभाळ हिला. मी काय करते आहे ते तिला कळणार नाही, पण तुला कळतंय ना?” मी हो म्हटलं आणि मनापासून म्हटलं. मुंगीने माझं बोट धरलं होतं. तुझी बस वळल्यावर तिने ते सोडून दिलं आणि माझ्या पदराला हात पुसले. सहा वर्षांची होती.

तुझं पहिलं पाकीट ऑफिसच्या पत्त्यावर आलं, कारण भाड्याच्या घराचा भरवसा नव्हता. आत माझ्यासाठी दोन पानं आणि तिच्यासाठी वेगळी घडी केलेला, मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद. मी तो तिला वाचून दाखवला. तिने तो ऐकून घेतला, मग उलटी केली आणि ती दोन दिवस तापाने फणफणली. दुसऱ्या पत्रानंतर पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, “मूल रुळतंय, जरा उसंत द्या.” म्हणून तिसरं पत्र मी आठवडाभर थांबवलं. तिला बरं वाटू दे, मग देऊ. त्या आठवड्यात तिने पहिल्यांदा पोटभर जेवण केलं, रात्री माझ्या कुशीत आली आणि सकाळी मैत्रिणीकडे खेळायला गेली. मग चौथं आलं. आता तिसरं का नाही दिलं हे तिला काय सांगायचं? आणि पाचवं आल्यावर तिसऱ्या-चौथ्याचं काय सांगायचं? धाकटे, मी ठरवून काही केलं नाही असं लिहायला हात शिवशिवतोय. पण ते खरं नाही. पहिली एक-दोन थोपवली ती तिच्यासाठी. बाकीची माझ्यासाठी. तोवर ती मला झोपेत एकदा ‘आई’ म्हणाली होती, आणि ते मला पुन्हा ऐकायचं होतं.

तुझ्या मला लिहिलेल्या पत्रात शेवटी ‘मुंगीला पापा’ असायचं, तेवढं मी तिला सांगायचे. “आईने खुशाली विचारलीय हं.” बस. तिला वाटायचं, आई मावशीला दोन-दोन पानं लिहिते आणि आपल्यासाठी दोन शब्द. तू विचारायचीस, ती उत्तर का देत नाही. मी लिहायचे, शाळा सुरू झालीय, वय अवघड आहे, आत्ता रागावली आहे, तिला थोडं तिच्या मनाने घेऊ दे. काय सफाईदार वाक्यं होती. सगळी टेबलावर बसून रचलेली.

तिसऱ्या वर्षी तू आठ दिवसांसाठी आलीस. त्या भेटीबद्दल आपण कधी बोललो नाही. मुंगी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन बसली आणि तुला हात लावू देईना. तू तिला विचारलंस, “माझी पत्रं मिळतात ना गं तुला?” आणि तिने मान हलवली. मी दारात उभी होते, हातात चहाचा ट्रे. तिला वाटलं तू त्या खुशालीबद्दलच विचारते आहेस. तुला वाटलं तिला सगळं मिळतं, तिने सगळं वाचलंय आणि तरीही ती तुझ्याकडे बघत नाही. त्या क्षणी मी एक वाक्य बोलले असते तर सगळं निस्तरलं असतं. मी म्हटलं, “चहा गार होतोय.” तू दोन दिवस आधीच परत गेलीस. स्टँडवर तू एकदाही रडली नाहीस, आणि मी घरी येऊन मुंगीच्या आवडीचा भात टाकला. त्यानंतर तू दर वर्षी विचारायचीस, आता पाठवतेस का तिला. मी दर वर्षी एक कारण शोधायचे. कारणं शोधण्यात मी ‘कीप’चे अर्थ शोधण्याइतकीच तरबेज झाले.

तर त्या खणातून मी तुझी पत्रं वाक्यांसाठी बाहेर काढली. वाक्यं चांगली होती गं. तू लिहितेस ते बोलल्यासारखं असतं, त्यात एक शब्द इकडचा तिकडे करावा लागत नाही. मी सात वाक्यं घेतली. संपादकांनी एक मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “हे कोणाचं? हे माणूस आणा आपल्या ऑफिसात.” मी म्हटलं, बहीण आहे माझी. अभिमानाने म्हटलं. आणि आता जे सांगते ते ऐकून तू डोक्याला हात लावशील. त्या सातही चिठ्ठ्यांच्या पाठीवर मी खरं ते लिहिलं. ‘धाकटी बहीण, तिच्या मुलीला लिहिलेल्या पत्रातून’ आणि खाली महिना, साल. घरात आठ वर्षं मी खोटं बोलले आणि चिठ्ठीवर एक अक्षर खोटं लिहायला माझा हात धजावला नाही. एकोणीस वर्षांची सवय. नुसतं ‘एक बाई’ लिहून भागलं असतं.

पुढचं थोडक्यात. प्रुफं आली. प्रुफं दोघांनी तपासायची असतात, एकाने मूळ चिठ्ठी मोठ्याने वाचायची, स्वल्पविरामासकट, आणि दुसऱ्याने छापलेल्यावर बोट फिरवायचं. आमच्या प्रूफवाल्या काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी गठ्ठा घरी आणला. मुंगीला वाचायला आवडतं, आवाज खणखणीत आहे, आणि मला तिच्याबरोबर बसायला मिळतं. खरं सांगते, त्या गठ्ठ्यात काय आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्या लेखी त्या चिठ्ठ्या नवव्या आणि चौदाव्या अर्थाच्या होत्या. ती वाचत होती. “अर्थ आठ, स्वल्पविराम, कोंबड्या पाळणे.” आम्ही हसलो. मग ती वाचू लागली, “अर्थ नऊ. तुझी निळी छत्री मी अजून जपून ठेवली आहे, स्वल्पविराम, तिच्यावर तू काढलेला उंदीर पुसट झालाय, स्वल्पविराम, पण त्याच्या मिश्या…” आणि थांबली. मी बोट ठेवून म्हटलं, पुढे? तिने चिठ्ठी उलटून पाठ वाचली. मग गठ्ठ्यातल्या बाकीच्या चिठ्ठ्या एकेक करून उलटल्या, न घाई करता, आणि त्यातून सहा बाजूला काढल्या. नियम तिला पाठ आहे, लहानपणापासून ऐकते आहे. कोशातलं वाक्य कुणाच्या तरी तोंडचं असतंच. तिने मला एवढंच विचारलं, “किती पत्रं आहेत?” मी म्हटलं, शेहेचाळीस.

दुसऱ्या दिवशी मी ती सगळी आणून तिच्या टेबलावर ठेवली. तिने ती तारखेप्रमाणे लावली आणि चार दिवसांत वाचून काढली. आतून रडण्याचा आवाज येत नव्हता. एकदा हसल्याचा आला, आणि तो मला रडण्यापेक्षा जास्त लागला, कारण तू तिला हसवू शकतेस, इतक्या लांबून, इतक्या वर्षांनी. मी संपादकांना जाऊन म्हटलं, त्या सात चिठ्ठ्या काढा. ते ओरडले, “का? वाक्य खरं आहे की!” मी म्हटलं, खरं आहे, पण मी ते विचारून घेतलेलं नाही. ते चक्क हळू आवाजात म्हणाले, “घरी जा तुम्ही आज.” आता त्या सात जागा रिकाम्या आहेत आणि मला नवीन वाक्यं ऐकायची ताकद उरलेली नाही. जिन्यात कुणी बोलत असलं की मी पुढे निघून जाते. आजवर कुणाचंही बोलणं मी असं टाळलं नव्हतं.

तुझं शेवटचं पत्र तिने दोनदा वाचलं हे मला माहीत आहे, कारण ते इतरांपेक्षा वेगळं, उशीखाली आहे. तू त्यात लिहिलंयस की आता तुला दोन खोल्यांची जागा मिळालीय, एक तिची. “शेवटचं विचारते, येतेस का? नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही, रागही धरणार नाही.” ते येऊन दोन महिने झाले होते, धाकटे. तेही मी त्याच खणात टाकलं होतं. तू दोन महिने उत्तराची वाट बघत असशील आणि तिचं उत्तर ‘नाही’च आहे असं आता धरून चालली असशील. ते तसं नाही. तिला विचारलंच गेलेलं नव्हतं. तिला यायचं आहे. परीक्षा संपली की, म्हणजे पुढच्या महिन्याच्या वीस तारखेनंतर, तू म्हणशील त्या दिवशी. ती गेल्यावर या घरात मी काय करणार हे मला माहीत नाही, पण ते तुला विचारायचा मला हक्क नाही. तिला बंद खोलीत झोप येत नाही, दार थोडं उघडं लागतं. गणित चांगलं आहे. घसा लवकर धरतो. तिला मुंगी म्हणू नकोस लगेच, ते मीच म्हणते म्हणून सध्या तिला ते नकोसं झालंय. तिच्या नावानेच हाक मार.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुला वाटेल ताईला उपरती झाली. तसं असतं तर आठ वर्षांपूर्वी झाली असती. सोळाव्या दिवशी मुंगी स्वयंपाकघरात आली आणि ती चार वाक्यं बोलली: “मला आईकडे जायचंय. पण तिला आधी कळू दे. तूच लिही, तुझ्या हाताने. मी वाचणार.” मी त्याच संध्याकाळी लिहून दिलं. तिने वाचलं आणि दुमडून परत माझ्यासमोर ठेवलं. त्यात डॉक्टर फार होते आणि मी फार कमी. दुसरं दिलं, तेही परत आलं. त्यात मी रडले होते, आणि रडण्याच्या आड तुझी तिसऱ्या वर्षाची भेट गाळली होती. हे तिसरं. आतल्या खोलीचं दार आत्ताच उघडलं आहे आणि ती येऊन टेबलाच्या पलीकडे उभी राहिली आहे, बसत नाही. हे पान संपलं की मी सगळी पानं तिच्या हातात देणार आहे. तिला पटलं तर पाकीट ती चिकटवेल आणि ती स्वतः जाऊन टाकून येईल. टपालपेटीपर्यंत फक्त दोन मिनिटांचा रस्ता आहे, मी म्हटलं, जाता जाता मी टाकते. ती नाही म्हणाली.

अजून म्हणू देत असलीस तर तुझीच,
ताई